अण्णाजींच्या नावची बंदूक

बंदूक घ्यायची हे पोहाणे घराण्यात सर्वांना मान्य होतं. ती ज्यांच्या नावावर घ्यायची त्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. अण्णाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शेत त्यांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, ट्रॅक्टर, विजेचं मीटर, गॅसचं पुस्तक, सगळं त्यांच्याच नावावर. त्यात आणखी एक वस्तू चढवायची तर विचारायचं काय, असं त्यांच्या मुलाला, कैलासला, अगदी मनापासून वाटत होतं.

निमित्त रानडुकरांचं होतं. वडनेरच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला आणि आठ दिवसांत डुकरांनी पोहाण्यांचं अडीच एकर असं लोळवलं की वरून रोलर फिरवल्यासारखं दिसावं. कैलासने फटाके फोडून पाहिले. जुनी लुगडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टांगून पाहिली. मग कोणा शहाण्याचं ऐकून हिंगणघाटच्या तीन सलूनमधून पोतंभर केस आणले आणि शेताभोवती पसरले, कारण माणसाच्या केसांनी डुक्कर शिंकतं आणि परत फिरतं म्हणे. डुकरं केसांवरून चालत आली, पोटभर खाल्लं आणि शिंकली असतील तर घरी जाऊन शिंकली.

कैलासचा मुलगा अंकुश याला बंदूक आधीपासूनच हवी होती. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतः परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. शेजारच्या शेतातल्या भैय्याजींशी धुऱ्यावरून वाद झाला तेव्हा अंकुशने त्यांच्या डोक्यात काठी घातली होती. सात टाके पडले आणि केस हिंगणघाटच्या कोर्टात उभी राहिली. अशा माणसाच्या हाती सरकार बंदूक देत नाही, हे अंकुशला सरकारचं वैयक्तिक वैर वाटत होतं.

त्यावर तोड काढली जावयाने. मधुकरराव म्हणजे अण्णाजींची मुलगी पंचफुला हिचे यजमान. देवळीत त्यांचं सेतू केंद्र होतं. उत्पन्नाच्या दाखल्यापासून वारसाच्या दाखल्यापर्यंत सगळं तिथे मिळे. त्यांच्या मते या देशात अशक्य असं काहीच नव्हतं, फक्त अपलोड व्हायचं राहिलेलं होतं. त्यांनी सांगितलं की अण्णाजींवर केस नाही, त्यांच्या नावावर शेती आहे, पीक संरक्षणासाठी परवाना त्यांना मिळेल. बंदूक कागदावर म्हाताऱ्याची राहील आणि शेतात नातवाच्या खांद्यावर राहील. कैलासला हे रेशन कार्डासारखं वाटलं. नाव एकाचं, खातं सगळं घर.

फोटो काढायला अण्णाजींना देवळीला नेलं. तिथल्या कोणा ओळखीच्या डॉक्टरने त्यांच्याकडे न पाहताच नजर उत्तम असल्याचं लिहून दिलं. अण्णाजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन होऊनही तो तसाच होता. तिथून निघताना त्यांनी डॉक्टरऐवजी कोपऱ्यातल्या वजनकाट्याला नमस्कार केला, पण दाखल्यावर सही झालेली होती.

अर्ज गेला. महिन्याभराने ठाण्यातून फोन आला, की पडताळणीसाठी हवालदार रविवारी अकरा वाजता घरी येतील. म्हणून त्या रविवारी सकाळी आठलाच मधुकरराव आणि पंचफुला देवळीहून आले, आणि अण्णाजींची तयारी सुरू झाली.

*

तयारी मधुकररावांनी हातात घेतली. स्वतः खुर्चीवर हवालदारासारखे बसले आणि समोर बाजेवर सासऱ्यांना बसवलं. प्रश्न विचारला, बंदूक कशासाठी पाहिजे. अण्णाजी म्हणाले, अंकुशले पाह्यजे म्हणून. मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. परत विचारलं. अण्णाजींनी परत तेच सांगितलं, फक्त या वेळी जरा मोठ्याने, कारण जावयाला ऐकू गेलं नसावं असं त्यांना वाटलं.

तासाभरात उत्तर सुधारत गेलं. पिकाच्या संरक्षणासाठी. ठेवणार कुठे, लोखंडी पेटीत. चावी कोणाजवळ, माझ्याजवळ. चालवणार कोण, मी. या शेवटच्या उत्तरावर अण्णाजींना दर वेळी हसू येई. एकदा तर हसता हसता ठसका लागला आणि पंचफुलाला पाठ चोळावी लागली. पंचफुला नवऱ्याच्या बाजूने होती. तिने बापाला समजावलं, की बाबा, हसाचं नाई, पोलीस हसणाऱ्या माणसाले बंदूक देत नाई.

अंकुश अंगणात मोबाईलवर बंदुकांचे भाव पाहत होता. दोन नळ्यांची घ्यावी की एका नळीची, यावर त्याचं आणि कैलासचं आठ दिवस चाललं होतं. कैलासचं म्हणणं, डुक्कर एकच असते. अंकुशचं म्हणणं, डुकरं आठ येते. आज अंकुशने मध्येच सहज म्हटलं, की बंदूक आली की भैय्याजीही धुऱ्यावर जरा सांभाळून उभा राहील. कैलास हसला. घरात बाकी कोणी हसलं नाही, पण कोणी काही बोललंही नाही.

दहा वाजता मधुकरराव थकले. त्यांनी बॅगेतून एक हमीपत्र काढलं. ते त्यांनी स्वतःच्याच केंद्रात टाईप केलं होतं, कारण जास्तीचा कागद कधी वाया जात नाही असा त्यांचा अनुभव होता. अण्णाजींना ते वाचता येणार नव्हतं. म्हणून नातसुनेला, अंकुशच्या बायकोला आकांक्षाला, हाक मारून सांगितलं, की आबाजीले हे दोन-चारदा वाचून दाखव आणि उत्तरं पाठ करून घे. मग बाकीचे सगळे नाश्त्याला उठले.

*

आकांक्षा बी.ए. झालेली होती आणि सिंदी रेल्वेची होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बंदुकीवर घरात महिनाभर बोलणं चाललं होतं आणि त्यात तिचा भाग चहा आणण्यापुरता होता. तिने कागद वाचायला घेतला. सदर शस्त्र मी स्वतःच्या वापराकरिता घेत असून ते अन्य कोणाच्याही ताब्यात देणार नाही. दिल्यास होणाऱ्या कायदेशीर कारवाईस मी जबाबदार राहीन.

अण्णाजींनी तिला थांबवलं. जबाबदार म्हणजे कोण, मी का जवाईबुवा, असं विचारलं. ती म्हणाली, तुम्ही. सही तुमची आहे. अण्णाजींनी थोडा विचार केला. म्हणजे बंदूक अंकुशच्या हातात राहीन आणि जेलात मी राहीन, असं त्यांनी हिशेब जुळवल्यासारखं म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही दोघंही राहान बहुतेक. तिने कागदावरून नजर काढली नाही.

मग अण्णाजींनी तो प्रश्न विचारला. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. महिनाभर आपल्याला कोणी विचारलं नाही याचा राग होता, आणि समोर आणखी एक न विचारलेलं माणूस बसलं होतं.

"तुले पाह्यजे का बंदूक घरात?"

 स्वयंपाकघरातून पंचफुलाचं बोलणं ऐकू येत होतं, की पोह्यात मीठ कमी आहे. तो आवाज चालू आहे याची खात्री करून आकांक्षा हळूच म्हणाली,

"आबाजी, राग आला की त्यायच्या हातात जे असते ते ते फेकते. दिवाळीत रिमोट होता. मांगच्या महिन्यात डबा होता, इथं लागला." तिने कानामागे बोट ठेवलं. "मंग लय रडते. माफी मांगते. वाईट नाई ते. पण आधी फेकते आणि मंग पाहते, का हातात काय होतं."

अण्णाजींना तिचं बोट धूसर दिसत होतं. डबा पडल्याचा आवाज त्यांनी त्या दिवशी ऐकला होता. मांजर असेल असं समजून ते कुशीवर वळले होते. आता त्यांना आठवलं, की घरात मांजर नाही.

ते बाजेवर सरळ बसले. मग म्हणाले, "वाच पोरी. पुन्हा एकदा सगळं वाच." तिने वाचलं. त्यांनी सगळी उत्तरं धडाधड दिली, एकदाही न हसता. नाश्ता करून आलेल्या मधुकररावांनी ते दारातूनच ऐकलं आणि पंचफुलाला म्हणाले, की शिकवलं तर बैलही शिकतो. पंचफुलाने त्यांच्याकडे पाहिलं. बैल तिचा बाप होता.

*

हवालदार नागसेन अकराला आले. ते याच गावचे. त्यांचे वडील प्रेमदास आणि अण्णाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत एका वर्गात होते. चौथीच्या परीक्षेत अण्णाजींनी प्रेमदासची पाटी पाहून गणित सोडवलं होतं, आणि गुरुजींनी विचारल्यावर प्रेमदासने ते तसंच सांगूनही टाकलं होतं. अण्णाजी वर्षभर त्याच्याशी बोलले नव्हते. पुढे साठ वर्षं मात्र पैशाचा असो की पोरीच्या सोयरिकीचा, कोणताही व्यवहार प्रेमदासला विचारल्याशिवाय त्यांनी केला नाही. प्रेमदास दोन वर्षांपूर्वी गेले.

मधुकररावांनी नागसेनला खुर्ची दिली, पंखा लावला आणि आपण एकाच कामातली माणसं आहोत, तुम्ही कागद तपासता, आम्ही कागद बनवतो, असं सांगून पाहिलं. नागसेनने ते शांतपणे ऐकलं आणि फाईल उघडली. चहा आला. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. अंकुश दाराजवळ चहाचा पेला घेऊन उभा होता.

प्रश्न सुरू झाले. वय, शेती, कधी काही गुन्हा. पीक संरक्षणासाठी. लोखंडी पेटीत. चावी माझ्याजवळ. कैलासच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. मधुकरराव प्रत्येक उत्तराला किंचित मान हलवत होते, गाणाऱ्या पोराच्या मास्तरांसारखे.

नागसेनने पान उलटलं. बंदूक चालवणार कोण, असं त्यांनी खाली मान घालूनच विचारलं.

अण्णाजींनी मान वर केली. मधुकररावांचे ओठ हलले, मी, मी.

"नागसेन, तुह्या बापाचं तोंड दिसून राह्यलं मले तुह्यात," अण्णाजी म्हणाले. "म्हणून खरं सांगतो. बंदूक मी नाई चालवणार. मले डुक्कर आणि जवाई यातला फरक पाच हातांवरून समजत नाई. अंकुशसाठी घेऊन राह्यलो. नाव माहं, बंदूक त्याची."

 मग मधुकरराव बोलायला लागले, आणि ते बोलायला लागले की थांबत नसत. वयामुळे अण्णाजींचं असं होतं. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ, बंदूक त्यांचीच, नातू फक्त सोबतीला, आणि तशी कायद्यात काही सोय असेलच. नागसेनने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग पेन बंद केलं.

ते म्हणाले, "भाऊ, लायसन माणसाचं असते, घराचं नसते. एकाच्या नावावर घेऊन दुसऱ्याच्या हातात दिली, त देणाराही आत आणि घेणाराही आत. आणि हे माहीत असून ज्यानं फारम भरला, त्याले आम्ही विचारतोच."

मधुकररावांना त्याच क्षणी आठवलं, की आपण पहिल्यापासून या गोष्टीच्या विरोधात होतो. तसं त्यांनी सांगितलंही. आपण नुसता अर्ज भरला, कोणी सांगितलं की भरावाच लागतो, तो धंदाच आहे. कैलास आ वासून त्यांच्याकडे पाहत राहिला. पंचफुला, जी सकाळपासून नवऱ्याच्या बाजूने होती, ती सरळ चालत गेली आणि बापाच्या शेजारी बाजेवर बसली. तिथून तिने नवऱ्याला साधा प्रश्न केला, की एवढं सोपं होतं त तुमच्या नावावर काऊन नाई घेतली. मधुकरराव पंख्याचा वेग कमी करायला उठले.

नागसेनने आणखी एक गोष्ट सांगितली, जी कोणालाच माहीत नव्हती. परवाना असला तरी रानडुक्कर मारायला वनखात्याचं वेगळं पत्र लागतं. नुसती बंदूक घेऊन डुक्कर मारलं तर डुकराची केस वेगळी. नुकसानीचा अर्ज करा, पंचनामा होईल, भरपाई मिळेल, हेही ते सांगत होते. पण ते कोणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात अंकुशच्या हातातला पेला भिंतीवर आदळला.

तो कोणावर फेकलेला नव्हता. कॅलेंडरला लागला, उडाला आणि नागसेनच्या फाईलशेजारी येऊन गरगरत राहिला. चहा कागदांवर सांडला.  आपला हात हे काय करून बसला, अशा नजरेने अंकुश हाताकडे पाहत होता. आणि अण्णाजी, ज्यांना पाच हातांवरचं दिसत नव्हतं, ते आकांक्षाकडे पाहत होते.

नागसेनने रुमाल काढून कागद टिपले. अण्णाजी हात जोडून म्हणाले, की बापू, हे लिहू नको.

"काय लिहू नको? चहा सांडला एवढंच लिहिता येते मले," नागसेन म्हणाले. मग अंकुशकडे न पाहता म्हणाले, "अर्ज तुम्ही स्वतः मांगं घ्या अण्णाजी. माह्या हातानं नामंजूर कराले लावू नका."

अर्ज मागे घेण्याचा अर्ज मधुकररावांनी लिहिला. अक्षर फार सुंदर होतं. विषय, संदर्भ, मोबाईल नंबर, काही सुटलं नाही. अण्णाजींनी सही केली तेव्हा अंकुश घरात नव्हता. गाडी घेऊन शेतात निघून गेला होता.

हवालदार गेल्यावर कैलास बापावर चिडला. पोराला पोलिसापुढे उघडं पाडलं, आता डुकरांना काय हमीपत्र वाचून दाखवायचं, असं बरंच बोलला. अण्णाजी ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, की हरभरा पुढच्या वर्षीही येईल. कैलासला ते उत्तर वाटलं नाही. पण पंचफुलाने फरशीवरचा चहा पुसता पुसता आकांक्षाच्या कानामागचा व्रण पाहिला, हात थांबवला, आणि भावाला म्हणाली, की तू जरा गप्प बस आता.

*

दुपारी चारच्या सुमाराला आकांक्षा डबा घेऊन स्कूटीवर शेतात गेली. अंकुश दुपारचा जेवला नव्हता. धुऱ्यावर, लोळलेल्या हरभऱ्याकडे तोंड करून बसला होता. पलीकडे भैय्याजींच्या शेताचीही तीच गत होती. डुकरांनी धुरा पाळला नव्हता.

तिने डबा उघडून समोर ठेवला आणि दोन हात सोडून बसली. त्याने भाकर मोडली, पण खाल्ली नाही. आबाजीच्या डोक्यात हे कोणी भरवलं, असं त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. आत्याने, की त्या देवळीच्या शहाण्याने?

वाटेत आकांक्षाने ठरवलं होतं, की विचारलं नाही तर सांगायचं नाही. विचारलं होतं.

"मी," ती म्हणाली. "मी सांगतलं त्यायले. डब्याचं बी सांगतलं."

ती उठून उभी राहिली नाही, पण चप्पल पायात नीट घालून घेतली. अंकुशने ते पाहिलं. ती चप्पल कशासाठी घालते आहे हे समजायला त्याला एक क्षण लागला.

"एवढी भेतं तू मले?" त्याने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. तीन वर्षं ती तेच म्हणत आली होती.

"हो," ती म्हणाली.

बगळ्यांचा थवा हरभऱ्यात उतरला, किडे टिपत फिरला आणि उडूनही गेला. अंकुश बसून होता. एकदा त्याने डोळे पुसले आणि माती गेल्याचं सांगितलं.  या खेपेला माफी मागितली असती तर काय म्हणायचं हे तिने ठरवलं नव्हतं. त्याने ती मागितली नाही.

मग तो म्हणाला,

"चौदा तारखेले हिंगणघाटच्या कोर्टात पेशी आहे. तू येतं का?"

"मी कायले?"

"भैय्याजी राह्यते तिथं. तडजोडीचं बोलाव म्हणतो. मी एकटा गेलो का बोलणं होत नाई, भांडणच होते. तू असली त..." तो थांबला. "त मी नीट बोलीन."

आकांक्षाने भैय्याजींच्या शेताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हे खरं ठरेल की नाही, तिला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नसावं.

"येईन," ती म्हणाली. "पण तुमच्या मांगं नाई बसत. गाडी मी चालवीन."

अंकुशने भाकरीचा घास तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिला. वडनेर ते हिंगणघाट, भर रस्त्याने, बायकोच्या मागे स्कूटीवर. अख्खं गाव पाहील. घास गिळायला त्याला पाणी लागलं.

"पेट्रोल भरून ठेवजो मंग," तो म्हणाला.